न कापण्याच्या दिवशी

महाराष्ट्रात पतंग म्हटला की लोकांना संक्रांत आठवते. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सारे गाव गच्च्यांवर मुक्कामाला असते. नागपुरात त्या दिवशी ‘ओ काट’च्या आरोळीने कान किटून जातात. परंतु नीरेच्या काठच्या आमच्या मुलखात संक्रांतीला तिळगूळ वाटतात, पतंग उडवीत नाहीत. बारामती, इंदापूर आणि नदीपलीकडचे फलटण या पट्ट्यात पतंगाचा सण म्हणजे नागपंचमी. माझे वडगाव निंबाळकर याच पट्ट्यातले, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेले गाव. परगावचा पाहुणा हे ऐकतो तेव्हा हसतो. श्रावणात पतंग? भर पावसात?

पाहुण्याला आमचा पाऊस ठाऊक नसतो. नैऋत्येकडून येणारे ढग सह्याद्रीवर अडतात. महाबळेश्वराला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाणी ओतून ते इकडे येतात, तोवर त्यांच्यात वारा तेवढा शिल्लक राहिलेला असतो. आमच्या वाट्याला वर्षाचा सारा मिळून पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो. आषाढात ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून फलटणवरून जाते आणि तुकोबांची बारामती-इंदापूरवरून. दोन्ही पालख्या पुढे गेल्या की पश्चिमेचा वारा असा सुटतो, की वाळत घातलेले धोतर शेजारच्या वाडीत सापडावे. पौषात तो जोर नसतो; शिवाय तेव्हा उसाची तोड चाललेली असते, कुणाला सवड नसते. सण पंचांगाने ठरतात, पण खेळ वाऱ्याने ठरतो. म्हणून तर लखनौकर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पतंग उडवतात, बंगाली माणूस विश्वकर्मा पूजेला आणि गुजराती संक्रांतीला. आमच्या वाऱ्याला नागपंचमी सापडली, एवढेच.

परंतु वाऱ्याने दिवस निवडला तो मोठा अडचणीचा. नागपंचमी हा आपल्याकडे न कापण्याचा दिवस आहे. त्या दिवशी विळी भिंतीला टेकून ठेवतात. भाजी चिरायची नाही, तवा चढवायचा नाही, काही तळायचे नाही. पुरणाचे दिंड उकडायचे आणि तेच खायचे. शेतकऱ्याने नांगर धरायचा नाही, कुदळ मारायची नाही, जमीन उकरायची नाही. घरातल्या बाया पाटावर गंधाने नाग काढतात, लाह्या-दूध, आघाडा-दुर्वा वाहतात आणि झोके घ्यायला बाहेर पडतात. नेमक्या त्याच घटकेला त्याच घरातला मुलगा गच्चीवर उभा राहून काचेने धार लावलेल्या दोऱ्याने दुसऱ्याचा पतंग कापत असतो. खाली भेंडीलासुद्धा सुरी लागत नाही, आणि वर दिवसभर कापाकापी!

ही विसंगती मला कितीतरी वर्षे दिसली नव्हती. ती दाखवली माझ्या वर्गातल्या एका मुलाने. पंचमीच्या आदल्या दिवशी मी सणाची माहिती सांगत होतो. तो उठून म्हणाला, “गुरुजी, उद्या काही कापायचं नसतं, मग पतंग कापलेला कसा चालतो?” मी उत्तर शोधीत होतो, तेवढ्यात पुढच्या बाकावरून आवाज आला, “भाजीला जीव असतो, पतंगाला कुठं असतो?” वर्गाला ते पटले. मलाही पटल्यासारखे झाले. मग खिडकीजवळची एक मुलगी, जी सहसा बोलत नाही, म्हणाली, “पण मांज्याला कुठं कळतं, पतंग कोणता अन् पाखरू कोणतं?”

तास संपला, पण तिचे ते वाक्य माझ्याजवळ राहिले. तत्त्वज्ञानाच्या मोठ्या ग्रंथांशी माझा परिचय बेताचाच. तरी मला वाटते, नीतीचा एक जुना आणि अवघड प्रश्न त्या मुलीने आठ-दहा शब्दांत मांडला होता. आपण एक करायला जातो आणि वाटेत दुसरेच घडते. जे आपण मनात धरले नव्हते, त्याचे उत्तर आपल्याला द्यावे लागते की नाही?

पतंगाचा कैवार घेऊन प्रथम दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्यावर नुसता राग धरणे सोपे आहे. आपला लढाऊ पतंग ही मोठी हुशारीची वस्तू आहे. एक ताव कागद, मधली उभी काडी, वर वाकवलेली बांबूची कमान आणि दोन ठिकाणी बांधलेली कन्नी. याहून अधिक काही नाही. त्याला शेपूट नसते, म्हणून तो मुळात अस्थिर असतो. दोरा सैल सोडला की तो जागच्या जागी फिरू लागतो. आणि त्याचे तोंड हव्या त्या दिशेला आले की दोरा ताणायचा. ताणाने कमान मागे वाकते आणि पतंग बाणासारखा त्या दिशेला सरळ सुटतो. ढील द्यायची कधी आणि खेचायचे कधी, एवढ्यात सारी विद्या आहे. ती पुस्तकातून येत नाही, बोटांना येते.

आणि या खेळाचा न्यायही पाहण्याजोगा आहे. पेच लागतो तेव्हा दोघांचा दोरा सारख्याच धोक्यात असतो. ज्याने तुम्ही कापता, त्यानेच तुम्ही कापले जाता. पेच जिंकणाऱ्याला काय मिळते? एक आरोळी ठोकायला मिळते, दुसरे काही नाही. हरणाऱ्याचे काय जाते? एक कागद, दोन काड्या आणि थोडा दोरा. मग तो सुटलेला पतंग कुणाचा? आपल्याकडे पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज आहे, की तो कापणाऱ्याचा नाही आणि ज्याचा होता त्याचाही नाही; जो धावत जाऊन धरील त्याचा. म्हणजे ज्याच्याजवळ पतंग विकत घ्यायला पैसे नाहीत, जो काट्याची फांदी घेऊन सकाळपासून रस्त्यात उभा आहे, त्याच्या हाती तो पडतो. हा कायदा कुणी लिहून ठेवला नाही, पण तो मोडणाऱ्याला मुले खेळात घेत नाहीत. मोठ्या माणसांच्या कितीतरी व्यवहारांत एवढा न्याय मला आढळलेला नाही.

संत नामदेवांनाही या खेळाचे मोल कळले होते. त्यांची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. त्यांपैकी रामकली रागातल्या एका पदात पतंग उडवणारा मुलगा येतो. तो सोबत्यांशी गप्पा मारतो, पण त्याचे चित्त दोरीवर असते. तसेच डोक्यावर घागर घेतलेल्या बायकांचे चित्त घागरीवर, पाच कोस दूर चरणाऱ्या गाईचे वासरावर आणि कामात गढलेल्या आईचे पाळण्यातल्या लेकरावर. तसे आपले चित्त नामावर असावे, हा त्या पदाचा आशय. सातशे वर्षांपूर्वी पंढरीच्या एका शिंप्याला भक्तीचा दाखला द्यावासा वाटला, तेव्हा त्याने हा खेळ आईच्या वात्सल्याच्या रांगेत नेऊन बसवला. पतंग उडवणे म्हणजे हातात धरलेल्या गोष्टीचे भान ठेवणे, हे नामदेवांनी गृहीत धरले होते.

आता पंचमीची कहाणी. ती आपण सर्वांनी ऐकलेली आहे, पण फार लहानपणी ऐकल्यामुळे तिच्याकडे नीट पाहिलेले नसते. एक शेतकरी शेत नांगरायला जातो. त्याच्या नांगराच्या फाळाने वारुळातली नागाची पिल्ले मरतात. नागीण येते, पाहते, आणि सूड म्हणून शेतकऱ्याच्या साऱ्या घराला दंश करते. सासरी असलेली एक लेक उरते. तिच्यावर चालून जावे तर ती नागांची पूजा करून दूध-लाह्या वाहत बसलेली. नागीण संतोष पावते आणि त्या लेकीपायी सारे घर उठते.

या कहाणीत दुष्ट कोण? शेतकरी दुष्ट नाही. तो शिकारीला गेला नव्हता. रोजचे काम करीत होता. मातीखाली घर आहे हे त्याला ठाऊकही नव्हते. एखाद्या न्यायाधीशाने त्याला तत्काळ सोडून दिले असते. परंतु कहाणी त्याला सोडीत नाही. ‘मला ठाऊक नव्हते’ या उत्तराने मेलेली पिल्ले उठत नाहीत, असे ती बजावते. आणि त्यावर जो उपाय ती सांगते तो शिक्षेचा नाही, आठवणीचा आहे. वर्षातून एक दिवस हात थांबव. ज्या मातीत तू फाळ घालतोस तिच्याखाली कुणाचे घर आहे, याची आठवण धर. विळी न वापरण्याचा, नांगर न धरण्याचा नेम मला पूर्वी निव्वळ सोवळे वाटे. आता तो फार समंजस वाटतो. भेंडी चिरल्याने नागाला काही होत नाही. पण कापणाऱ्या हाताला ‘आज थांब’ असे म्हणण्याचा सराव होतो.

म्हणून त्या मुलीचा प्रश्न कहाणीचाच प्रश्न आहे. जमिनीखाली जशी घरे आहेत, तशा आकाशात वाटा आहेत. संध्याकाळी कालव्यावरून बगळे परत येतात ती त्यांची वाट. घारी घिरट्या घालतात ती त्यांची. आणि गच्चीवरून सुटलेला दोरा जिथे येऊन लोंबकळतो, ती माणसाच्या दुचाकीची वाट.

सुती मांजा निरुपद्रवी होता असे मी म्हणणार नाही. काचेची पूड, सरस आणि रंग लावून दोन खांबांमध्ये वाळवलेल्या त्या दोऱ्याने बोटे चिरतात, पाखरेही जायबंदी होतात. परंतु त्याला दोन गुण होते: जोराचा ताण बसला की तो तुटे, आणि श्रावणाच्या भुरभुर पावसात त्याची खळ धुऊन जाऊन तो कुजे. मागे राहिलेले पाप फार दिवस टिकत नसे. नायलॉनचा धागा तुटत नाही आणि कुजत नाही. लोक त्याला चिनी मांजा म्हणतात. वास्तविक तो बहुतांशी आपल्याच देशात तयार होतो. शत्रूचे नाव दिले की वस्तू आपली नाही असे वाटून बरे वाटते, इतकाच त्या नावाचा उपयोग.

एका वर्षी दिवाळीच्या सुटीच्या तोंडावर मुले मला कालव्याकाठच्या चिंचेकडे घेऊन गेली. एक पांढऱ्या तोंडाचे गव्हाणी घुबड पंखाला अडकून उलटे लोंबत होते. पंचमी होऊन तीन महिने लोटले होते. तो दोरा कुणाचा, कुठल्या पेचात तुटलेला, हे आता कुणालाच सांगता आले नसते. ज्याने तो सोडला तो मुलगा कदाचित आमच्यातच, वर पाहत उभा असेल. एक पोरगा झाडावर चढला आणि त्याने घुबडाला खाली आणले. धागा हाडापर्यंत गेला होता. उसाच्या रानातले उंदीर खाऊन शेतकऱ्याचे कल्याण करणारा तो पक्षी संध्याकाळी मेला. मुले गप्प होती. कुणावर रागवावे हे त्यांना समजत नव्हते, आणि मलाही.

पाखरांवरच हे थांबत नाही. 2018 या एकाच वर्षात पुणे-पिंपरी भागात दुचाकीवरून जाणाऱ्या दोन स्त्रिया मांज्याने गळा चिरून मरण पावल्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 11 जुलै 2017 रोजीच नायलॉनच्या आणि तशा कृत्रिम धाग्याच्या मांज्यावर देशभर बंदी घातलेली होती. म्हणजे कायदा झाला होता, माहितीही झाली होती. धागा मात्र चालूच राहिला.

का चालू राहिला, हे मला एका पालकाने फार प्रामाणिकपणे सांगितले. मुलाच्या चक्रीवर तो धागा पाहून मी त्यांना विचारले होते. ते म्हणाले, “गुरुजी, मला का कळत नाही? पण सगळ्या आळीनं तोच आणलाय. माझ्या पोराला सुती दिला तर दहा मिनिटांत त्याचा पतंग जातोय. रडत बसतंय मग. त्याच्या एकट्यानं काय हुतंय?”

या उत्तराला हसू नये. जगातला पुष्कळसा अधर्म दुष्टांच्या हातून होत नाही. तो असा ‘एकट्याने काय होते’ म्हणणाऱ्या भल्या माणसांच्या हातून होतो. त्यांची अडचण खरी असते. सगळे नियम मोडीत असताना नियम पाळणारा खरोखरच हरतो. प्रश्न एवढाच की तो काय हरतो, आणि त्याचा मोबदला कोण देतो. सुती दोऱ्याच्या मुलाचे जाईल ते एका पतंगाचे मोल, आणि थोडे रडू. नायलॉनच्या मुलाचा जो विजय होईल त्याचे मोल मात्र तो स्वतः देणार नाही, त्याचा प्रतिस्पर्धीही देणार नाही. जो या खेळात कधी उतरलाच नव्हता तो देईल. खेळातली कापाकापी आणि हिंसा यांच्यातली सीमारेषा मला येथे दिसते. दोघेही सारखेच कापले जाऊ शकतात आणि दोघांनीही ते पत्करलेले आहे, तोवर तो खेळ. आपला दोरा कापला जाऊच नये आणि त्याची किंमत तिसऱ्याने मोजावी, अशी व्यवस्था केली की खेळ संपला. न तुटणारा दोरा हा हरायला तयार नसलेल्या माणसाचा दोरा आहे.

मुलगा लहान आहे, त्याला काय कळते, असेही कुणी म्हणेल. तेही खरे. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची गोष्ट आहे. निरपराध असून त्यांना सुळावर चढावे लागले. त्यांनी धर्माला जाब विचारला, तेव्हा तो म्हणाला, तुम्ही लहानपणी किड्यांना गवताच्या काड्या टोचल्या होत्या, त्याचे हे फळ. मांडव्य संतापले. अजाण पोराच्या खेळाला एवढी शिक्षा? त्यांनी धर्मालाच शाप देऊन विदुराच्या जन्माला घातले आणि मर्यादा घालून दिली, की चौदा वर्षांपर्यंत केलेल्या कृत्याचे पाप लागणार नाही. केवढी उदार मर्यादा आहे ही! मुलांचा मास्तर म्हणून मला ती फार प्रिय आहे. परंतु तिचा दुसरा अर्थही ध्यानात घेतला पाहिजे. मुलाला पाप लागत नाही म्हणून ते नाहीसे होत नाही. ज्याने चौदा वर्षे केव्हाच ओलांडली, ज्याने खिशातून पैसे काढून तो धागा मुलाच्या हाती दिला, ज्याने दुकानात फळीखालून तो काढून दिला, त्याच्याकडे ते जाते. कहाणीतला शेतकरी ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणू तरी शकत होता. आपल्याला तेवढीही सोय उरलेली नाही.

मग पतंगच बंद करावा काय? गावात असे म्हणणारे आहेत, आणि ते भली माणसे आहेत. मला ते पटत नाही. एका धाग्यापायी मुलांच्या हातून वारा काढून घेणे म्हणजे अडगळीबरोबर पेटीही फेकून देणे होय. शिवाय कापल्यावाचून पतंगाचा सामना होत नाही असेही नाही. थायलंडात चुला नावाचा मोठा पतंग आणि पकपाव नावाचा लहान पतंग यांचे सामने होतात. तेथे दुसऱ्याला अडकवून आपल्या हद्दीत उतरवले म्हणजे जय. आपल्याकडे काटाकाटीचीच गोडी असेल तर तीही राहू द्यावी. मात्र दोरा सुती असावा, तुटणारा असावा, आणि सारी आळी मिळून तसा असावा. एकट्याने काही होत नाही हे म्हणणे खरे असेल, तर दहा घरांनी एकत्र बसून ठरवावे. आपण गणपतीची वर्गणी एकत्र बसून ठरवतोच.

आणि एक गोष्ट खेळाच्या जुन्या रिवाजात राहून गेली आहे, ती आता घालावी. कापलेला पतंग धरील त्याचा, हे आपण ठरवले. कापलेला दोरा कुणाचा, हे ठरवायचे राहून गेले. सुती होता तोवर पावसाने ते काम केले, म्हणून आपल्याला विचार करावा लागला नाही. आता करावा लागेल. माझ्यापुरते मी वर्गात असे ठरवले आहे, की पंचमीच्या दुसऱ्या दिवशी पहिला तास बाहेर घ्यायचा आणि झाडांवरचा, तारांच्या कुंपणावरचा, कालव्याच्या भरावावरचा हाती येईल तेवढा दोरा गुंडाळून आणायचा. विजेच्या तारांना आणि उंच फांद्यांना हात लावायचा नाही, हा पहिला नियम. कुणाचा दोरा हे विचारायचे नाही, हा दुसरा. पहिल्या वर्षी मुलांनी कुरकुर केली. “आमचा नाही, मग आम्ही का?” असे एकाने विचारलेही. मी त्याला कहाणीतल्या लेकीची आठवण दिली. नांगर तिने धरला नव्हता. नागाची पिल्ले तिने मारली नव्हती. तरी दूध तिनेच ठेवले, आणि घर तिच्यामुळे उठले.

तो मुलगा काही बोलला नाही. काडीला दोरा गुंडाळीत तो पुढच्या बाभळीकडे गेला.